केसांना खाऊ घालणं बंद केलं

परवा भाचीने फोटो पाठवला. वॉशबेसिनमध्ये पडलेले केस, आणि खाली एकच ओळ: "मावशी, मला टक्कल पडणार का गं?"

मी म्हटलं, आधी त्यातला एक केस उचल आणि उजेडात धर. एका टोकाला टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसतोय का? नाही म्हणाली. दुसरा बघ. नाही. दहा-बारा केस तपासले तेव्हा दोन केसांना ठिपका सापडला. बाकी सगळे नुसते तुकडे, बोटभर लांबीचे.

म्हणजे तिचे केस गळत नव्हते, तुटत होते. या दोन गोष्टींमधला फरक कुणी सांगतच नाही. दिवसाला ५० ते १०० केस कुणाचेही गळतात. ते मुळापासून सुटून येतात, म्हणून त्यांना तो ठिपका असतो. त्याहून जास्त गळत असतील तर कारण शरीरात शोधायचं. मोठा ताप किंवा बाळंतपण झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी केसांचे पुंजके हातात येतात, कधी थायरॉइड किंवा लोहाची कमतरता असते. तिथे डॉक्टरांकडेच जायचं. पण केस मधूनच तुटत असेल, तर दोष आपल्या कंगव्यात, टॉवेलात आणि केसांच्या इस्त्रीत असतो.

आणि बाईसाहेबांनी तोवर बायोटिनच्या, म्हणजे ब गटातल्या एका जीवनसत्त्वाच्या, गोळ्या मागवल्यासुद्धा होत्या! बायोटिनची खरी कमतरता फार थोड्यांना असते. वर त्याचे मोठे डोस रक्ताच्या काही तपासण्या चुकवू शकतात. हृदयविकाराच्या झटक्यासाठी करतात ती ट्रोपोनिनची तपासणीही त्यात येते. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने, २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता. केसांसाठी घेतलेली गोळी तिकडे जाऊन गोंधळ घालते, म्हणून डॉक्टरांना न विचारता घेऊ नका.

मी तरी कुठे शहाणी होते म्हणा. माझे केस कुरळे, आणि एके काळी बाथरूमच्या फळीवर माझ्या अकरा बाटल्या होत्या. सीरम, मास्क, टॉनिक, कसलं कसलं पाणी. प्रत्येकीवर 'पोषण' हा शब्द. डोक्याबाहेर आलेला केस मेलेला असतो, तो खात नाही, हे शाळेत शिकूनही मी त्याला वर्षानुवर्षं खाऊ घालत होते. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे केस मुळापासून ४० सेंटिमीटर लांब असतील तर त्यांची टोकं जवळजवळ तीन वर्षांची झाली. तीन वर्षं रोज वापरलेलं सुती कापड डोळ्यासमोर आणा. त्याला खत घालून काय होणार? ते जपूनच वापरायला हवं.

आता माझ्याकडे चार वस्तू आहेत. सौम्य शाम्पू, साधा कंडिशनर, खोबरेल तेल, मोठ्या दातांचा कंगवा.

यातला कंडिशनर खरा राजा, आणि तोच लोक वाचवतात. शाम्पू भरपूर आणि कंडिशनर थेंबभर, असा उलटा कारभार. झिजलेल्या केसावर ऋण विद्युतभार जास्त असतो आणि कंडिशनरमधल्या मुख्य घटकावर धन विद्युतभार. त्यामुळे तो नेमका खराब भागाला जाऊन चिकटतो, केस एकमेकांत अडकत नाहीत. हे काम स्वस्त बाटलीही करते. मागच्या बाजूला सिटाइल किंवा स्टिअरिल अल्कोहोल लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका. ती केस कोरडे करणारी अल्कोहोल नव्हेत, उलट मऊपणा आणणारी आहेत. शाम्पू फक्त टाळूला, कंडिशनर फक्त लांबीला. टाळूचं तेल कुरळ्या केसाच्या वळणांवरून टोकापर्यंत पोचतच नाही, म्हणून कुरळ्यांची टोकं कायम तहानलेली.

गुंता मी फक्त कंडिशनर लावलेला असतानाच सोडवते. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो, म्हणून सरळ केसवाल्यांनी तो थोडा वाळू द्यावा. कुरळ्यांचं मात्र उलटं, कोरडेपणी कंगवा घातला तर रणांगण. आधी बोटं, मग कंगवा. पहिल्यांदा शेवटची चार बोटं, ती मोकळी झाली की त्याच्या वर चार बोटं. बट मधे मुठीत धरायची, म्हणजे मुळांना ओढ बसत नाही. मुळापासून खाली सर्रकन कंगवा ओढला की जो टक-टक आवाज येतो ना, तो केस तुटल्याचा असतो. मी वीस वर्षं तो आवाज गुंता सुटल्याचा समजत होते.

तेलाबद्दल माझं मत ऐकून काही जणी चिडतील. तेलाने केस वाढत नाहीत. पण खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं. खनिज तेल आणि सूर्यफुलाचं तेल त्यात मागे पडलं. म्हणून मी तेल धुण्याआधी लांबीला लावते, टाळूवर थापत नाही. कोंडा असेल तर मुळीच नाही. कोंड्यातली बुरशी तेलातल्या स्निग्धांशावरच पोसली जाते. तिथे बुरशी मारणारा किटोकोनॅझोलचा शाम्पू तीन ते पाच मिनिटं डोक्यावर ठेवून धुणं जास्त कामाचं.

टॉवेलने खसाखसा पुसणं बंद. जुना सुती टी-शर्ट घ्या, दाबून पाणी टिपा. रोज त्याच जागी करकचून पोनीटेल बांधू नका, कपाळाकडचे केस हळूहळू मागे सरकतात आणि फार उशीर झाला तर परत येत नाहीत. लिंबू आणि खाण्याचा सोडा केसांपासून लांब ठेवा.

आता सरळ करून घेतलेल्या केसांबद्दल, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. रिबॉन्डिंग असो वा रिलॅक्सर, केसाला आकार देणारे गंधकाचे बंध तोडूनच तो सरळ होतो. त्यानंतर तो कायमचा कमकुवत. एकदा केलेल्या लांबीवर तेच रसायन पुन्हा लावायचं नसतं, फक्त मुळाशी नव्याने वाढलेल्या भागाला लावायचं. माझ्या दुसऱ्या वेळी पार्लरमधल्या ताईंनी मुळापासून टोकापर्यंत एकसलग लेप दिला. मीही विचारलं नाही. पंधरा दिवसांत उशीवर तुकडे दिसायला लागले. दोन वेळांच्या मधे आठ ते बारा आठवडे तरी जाऊ द्या, आणि जितकं लांबवता येईल तितकं लांबवा.

अमेरिकेत २०२२ मध्ये तेहतीस हजारांहून जास्त स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करणारी रसायनं वापरणाऱ्यांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण सुमारे ४.०५ टक्के, कधीच न वापरणाऱ्यांमध्ये १.६४ टक्के. एवढ्यावरून रसायनामुळेच झाला असं म्हणता येत नाही, आणि आकडा लहान आहे. पण मी तरी परत त्या खुर्चीत बसले नाही.

सरळ केस सोडून मूळच्या केसांकडे यायचं असेल तर कुरळं संपून सरळ सुरू होतं तो सांधा सांभाळा, केस तिथूनच तुटतो. मी दीड वर्ष दर दोन महिन्यांनी थोडं थोडं कापत गेले. फाटे फुटलेलं टोक कुठल्याही सीरमने जुळत नाही, फार तर दोन दिवस चिकटून राहतं.

भाचीला हे सगळं सांगितलं. रात्री परत फोटो आला, यावेळी कंगव्याचा. "मावशी, आज फक्त सात. पाचांना ठिपका आहे." खाली अजून एक ओळ: "बायोटिन परत करता येतं का गं?"