नाव चढवलं का?

परभणीच्या भाच्यानं परवा घरच्या ग्रुपवर पुन्हा तेच टाकलं. फुकटच्या योजनांनी लोक ऐतखाऊ झालेत, “मामा, तुमच्या अमेरिकेत चालतं का असलं?” स्वतःचं लेकरू दीड वर्षाचं झालं, रेशनकार्डात नाव चढवलेलं नाही. तहसीलला हेलपाटे कोण घालणार, म्हणे.

चालतं बाबा. मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, 1965 पासून; चिप ही लेकरांसाठीची सरकारी विमा योजना 1997 पासून. आमच्या टेक्सासात चिपची नोंदणी फी वर्षाला घरटी फार तर 50 डॉलर. तरी विमा नसलेल्या लेकरांचं प्रमाण देशात इथंच सगळ्यात जास्त. करोनाकाळात कुणाचं नाव काढायचं नाही अशी सवलत होती, ती 2023 मध्ये संपली आणि टेक्सासातल्या दहा लाखांहून जास्त लेकरांची नावं मेडिकेडमधून गेली. बरीचशी अपात्र म्हणून नव्हे, कागद वेळेत पोचले नाहीत म्हणून.

आपल्या जीवनदायीत, म्हणजे आताच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत, मराठवाड्यातला पांढऱ्या कार्डाचा शेतकरीसुद्धा आधीपासून होता. आता सगळीच कार्डं, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार. तान्ह्याचं नाव कार्डात नसलं तरी जन्मदाखला आणि आईबापाचं कार्ड चालतं, दवाखान्यात योजनेचा माणूस, आरोग्यमित्र, समोर बसलेला असतो. इथं फोन कानाला लावून पाऊण तास गाणं ऐका. (तिकडं खाट मिळते का, ते मला विचारू नका. सोयीचं तेवढंच सांगतोय, कळतं मला.)

ग्रुपवर लिहिलं नाही ते इथं लिहितो. पीएचडी करताना थोरली झाली. जन्म इथला, म्हणून मेडिकेड तिला; आम्ही दोघं नुसते व्हिसावर. घर बदललं, पत्ता कळवायचा मीच विसरलो. नूतनीकरणाचं पाकीट जुन्या घरी गेलं आणि तिचं नाव उडालं. कळलं ते तिला न्यूमोनिया झाला तेव्हा, काउंटरवर. पुन्हा अर्ज केला की मागचे तीन महिनेही विम्यात धरून घ्यायची सोय होती म्हणून निभावलं. अण्णांना मात्र फोनवर सांगितलं, युनिव्हर्सिटीचा विमा आहे. पोरगा अमेरिकेला गेला म्हणून गावभर पेढे वाटलेला माणूस; त्याला कोणत्या तोंडानं सांगू, नात सरकारी योजनेत आहे?

भाच्याला खरमरीत उत्तर लिहायला बसलो, तेवढ्यात धाकट्या भावाचा मेसेज आला. रेशनच्या केवायसीला प्रत्येकाचा अंगठा लागतोय, कार्डातून तुझं नाव कमी करू का?

अठरा वर्षं झाली. अण्णांच्या नावाखाली अजून आहे ते.

“बघू,” म्हणालो.