परदेशातून : नाताळचा तारा आणि आकाशकंदिलाची धास्ती

डिसेंबर जवळ आला की सोलापूरच्या ख्रिस्ती घरांत एक वाद हमखास निघतो. दारावरचा तारा कामट्या-कागदाचा करायचा, की बाजारातला प्लास्टिकचा एलईडीवाला आणायचा? घरी केलेला तारा थेट आकाशकंदिलासारखा दिसतो, खाली झिरमिळ्या सोडल्या तर दिवाळीचा की नाताळचा हेही कळत नाही, अशी मंडळीतल्या काही वडीलधाऱ्यांची तक्रार असते. तरुणांना एवढा खटाटोपच नको असतो. जर्मनीच्या सॅक्सनी राज्यात राहून हे ऐकताना दोन्ही बाजू पटत नाहीत.

याच राज्यात, पोलंड आणि चेकच्या सीमेजवळ, हेर्नहूट नावाचं छोटं गाव आहे. मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळींनी ते १७२२ मध्ये वसवलं. इथला कागदी तारा आज जगभर जातो, पण त्याचा जन्म चर्चमध्ये झाला नाही. जवळच्या नीस्की गावातल्या मोरावियन शाळेत १८३० च्या दशकात भूमिती शिकवताना तो मुलांकडून करून घेतला गेला. अठरा चौकोन आणि आठ त्रिकोण असलेल्या घनाकृतीच्या प्रत्येक बाजूवर एक टोक बसवायचं. एक चौकोन दिवा घालायला आणि टांगायला मोकळा ठेवायचा, म्हणून टोकं पंचवीस. पुढे वसतिगृहातली मिशनऱ्यांची मुलं आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी हे तारे करू लागली, आणि गणिताचा तो नमुना येशूच्या जन्मस्थळाची वाट दाखवणारा बेथलेहेमचा तारा झाला. रूप शाळेतलं, अर्थ वापराने आलेला. मग आपला तारा बुरुडाच्या कामट्यांवर आणि कंदिलाच्या पद्धतीने उभा राहिला, तर त्यात बाटण्यासारखं काय आहे? बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात त्या ताऱ्याला टोकं किती, हे सांगितलेलंच नाही. झिरमिळ्यांचं म्हणाल, तर इटालियन चित्रकार जोत्तोने १३०५ च्या सुमारास पादुआ शहरातल्या चॅपलच्या भिंतीवर मागी लोकांच्या, म्हणजे तारा पाहून बाळ येशूला भेटायला आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांच्या, चित्रात चक्क शेपटीवाला धूमकेतू रंगवला आहे.

काळजी करायची तर दुसऱ्याच गोष्टीची. सॅक्सनीतले निम्म्याहून जास्त लोक कोणत्याही चर्चचे सभासद नाहीत, तरी डिसेंबरात खिडक्या, दुकानं, कचेऱ्या, सगळीकडे हा तारा असतो. दिसायला अस्सल हेर्नहूटचा. पण तो का लावला, हे विचारलं तर बऱ्याच घरांत ‘छान दिसतो म्हणून’ एवढंच उत्तर मिळतं. अस्सल आकाराने खुणेचा अर्थ टिकत नाही, याचा यापेक्षा ढळढळीत पुरावा कोणता हवा?

म्हणून माझं मत कामट्यांच्या बाजूने आहे, कारण तो तारा करायला दोन संध्याकाळी मुलं आणि मोठे एकत्र बसावे लागतात, आणि सांगणं-विचारणं तिथेच होतं.

तो नीट मात्र करावा. साठ सेंटिमीटरच्या दहा कामट्या घ्या, सगळ्या सारख्या जाडीच्या. एक जरी जाड निघाली तरी ती वाकत नाही आणि तारा त्या बाजूला पिळतो. बांबू वाळलेला हवा. ओल्या कामट्या सोलापूरच्या कोरड्या हवेत आठवड्यात आकसतात, गाठी सैल पडतात आणि कागदाला सुरकुत्या येतात. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंटिमीटरवर खूण करा. कामट्या एकमेकींना याच खुणांवर छेदल्या की पाचही टोकं सारखी येतात. अंदाजाने बांधलेल्या ताऱ्याचं एक टोक लांब आणि एक आखूड होतं ते या खुणा नसल्यामुळेच. पाच कामट्या एकीवरून, दुसरीखालून अशा विणत एक चांदणी करा, तशीच दुसरी. दोन्ही एकमेकींवर ठेवून फक्त पाच टोकं दोऱ्याने घट्ट बांधा. मग आतल्या पाच छेदांत, दोन चांदण्यांच्या मध्ये, बारा सेंटिमीटरचे आडवे तुकडे ताणून बसवा, की ताऱ्याला पोट येतं. हे तुकडे मोठे घेतले तर टोकांच्या गाठी तुटतात.

कागद पतंगाचा. पुढे-मागे मिळून दहा त्रिकोण आणि दोन पंचकोन, कडांना दहा अरुंद त्रिकोण. चिकटवायला सगळीकडे एक सेंटिमीटर जास्त धरा. खळ मैद्याची आणि पातळ, जाड थराने कागद फाटतो. कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात, पण ते विषारी आहे. लहान मुलं हाताशी असतील तर नकोच. खळ वाळल्यावर कागदावर पाण्याचा अगदी हलका फवारा मारा, वाळताना तो ताणला जातो. मागचा पंचकोन तीन बाजूंनीच चिकटवा, दिवा तिथून जाईल. दिवा पाच वॉटचा एलईडी पुरतो. जुना साठ वॉटचा बल्ब कागद करपवतो, पेटवूही शकतो. टांगताना खालच्या दोन टोकांनाही दोरी बांधून ओढून घ्या, नाहीतर गच्चीवरच्या वाऱ्यात तारा गरगर फिरतो आणि वायर पिळवटते.

आता तारखांचं. आपल्याकडे बऱ्याच घरांवरचा तारा नाताळ संपताच उतरतो, उरलेले एकतीस तारखेला. इथे चर्चला जाणारी कुटुंबं तो आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून प्रकटीकरणाच्या सणापर्यंत, म्हणजे ६ जानेवारीपर्यंत ठेवतात. इथल्यांकडून घेण्यासारखी गोष्ट हीच. तारा मागी लोकांचा, आणि त्यांचा दिवस ६ जानेवारी. ते पोचण्याआधीच वाट दाखवणारा तारा काढून ठेवला, तर मुलांना त्याचा अर्थ कसा लागणार? त्या संध्याकाळी मत्तय दोनमधली पहिली बारा वचनं घरात मोठ्याने वाचावीत आणि मगच तारा उतरवावा. कागद काढून सांगाडा माळ्यावर आडवा ठेवला, वर काही रचलं नाही, तर दोन-तीन वर्षं सहज चालतो. पुढच्या वर्षी फक्त गाठी तपासायच्या आणि कागद नवा लावायचा.