मागून कसं दिसतं?

हत्तीला पाय किती असतात, हे विचारायचा मला पगार मिळतो. मी डिझाइनच्या पहिल्या वर्षाला थ्रीडी शिकवते, म्हणजे आधी कागदावर प्लॅन करायचा आणि मग ती वस्तू मातीत, पुठ्ठ्यात, तारेत खरीखुरी उभी करायची. आणि दर वर्षी पहिल्याच आठवड्यात कोणीतरी हत्ती घेऊन येतं. बाजूने काढलेला, मस्त शेडिंग केलेला, दोन पायांचा.

"बाकीचे दोन कुठेत?"

"ह्या दोघांच्या मागे आहेत मॅम."

"मग मागून काढून दाखव."

पाच मिनिटांत कागद येतो. एक मोठा गोल, मधे शेपूट, खाली परत दोनच पाय. बाकीचे दोन आता पुढे गेलेले असतात. वरून काढ म्हटलं तर वरून एकही पाय दिसत नाही, जे खरंच आहे म्हणा, पण एकूण हिशोब असा की तीन व्ह्यूमधे मिळून दोन अधिक दोन अधिक शून्य, बेरीज बरोबर चार येते, त्यामुळे तो खूश आणि मी गप्प.

पोरांचा दोष नाही. ह्यांनी जन्मापासून जग स्क्रीनवर बघितलंय आणि स्क्रीनला मागची बाजू नसते, म्हणजे असते पण तिथे कव्हर लावलेलं असतं. त्यामुळे "मागून कसं दिसतं?" हा प्रश्न मला दिवसातून चाळीस वेळा विचारावा लागतो, आणि इतकी वर्षं विचारून विचारून तो आता माझ्या तोंडातून आपोआप बाहेर पडतो. घरी कोणी फोटोफ्रेम भेट दिली तरी मी आधी ती उलटी करून बघते. मागे खिळे नीट ठोकलेले असले की मला पुढच्या फोटोतली माणसंही आवडायला लागतात.

तर आमची पद्धत साधी आहे. पुढून, बाजूने, वरून अशी तीन ड्रॉइंग काढायची, मग मातीचं एक वीतभर मॉडेल करायचं ज्याला आम्ही वर्गात पिल्लू म्हणतो, आणि ते पिल्लू पास झालं तरच मोठं काम सुरू. पिल्लाचा फायदा हा की सगळ्या चुका लहान असतानाच होतात, मान मोडली तर दोन मिनिटांत दुसरी लावता येते. पोरांना हे सगळं पटतं, मान डोलावतात, वहीत लिहून घेतात, आणि मग थेट मोठी वस्तू करायला बसतात. ती झाली की तिच्याकडे बघून प्लॅन काढतात आणि शेवटी त्या प्लॅनवरून पिल्लू. आधी कळस मग पाया म्हणतात ते ह्यांच्या बाबतीत शब्दशः खरं आहे. पकडायला मला फार हुशारी लागत नाही. मागच्या वर्षी एकीने जिराफाचा प्लॅन दिला, त्यात जिराफ डावीकडे कललेला होता. आणि मानेवर तडाही होता, अगदी बारकाईने, सावलीसकट काढलेला.

"हा तडा तू आधीच प्लॅन केला होतास?"

"मॅम, ते टेक्स्चर आहे."

टेक्स्चर आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट. आमच्या क्षेत्रातल्या निम्म्या अपघातांना ही दोन नावं आहेत.

खरी मारामारी होते ती साइझवरून. पिल्लू पंधरा सेंटीमीटरचं, काडीसारख्या पायांवर ऐटीत उभं असतं, मग तेच साठ सेंटीमीटरचं करायला घेतलं की संध्याकाळपर्यंत गुडघ्यात बसतं. मी फळ्यावर लिहून दाखवते, की बाबांनो उंची ४ पट झाली ना, मग पायाची जाडी बघा, तिचं क्षेत्रफळ १६ पट वाढलं, पण वजन वाढतं ६४ पट, म्हणजे पायाच्या प्रत्येक इंचावर आधीच्या चौपट भार आला, म्हणूनच हरणाचे पाय नुसते मोठे करून हत्तीला लावता येत नाहीत. वर्गात शांतता पसरते. मला वाटतं समजलं. मग मागून आवाज येतो, "मॅम, हे मॅथ्स आहे. मॅथ्स नको म्हणून तर आम्ही इकडे आलो."

ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही, कारण मीसुद्धा त्याच कारणासाठी आले होते.

मग आतला सांगाडा आला. माती किंवा मेण एका मर्यादेपुढे स्वतःच्या जिवावर उभं राहत नाही, आत तारेचा सांगाडा लागतो, आणि तोही हाडांच्या जागी हवा, तार दिसली म्हणून कुठेही खुपसून चालत नाही. हे कंटाळवाणं वाटू नये म्हणून मी एकदा उत्साहात एदगार देगाची गोष्ट सांगितली. हा एवढा मोठा चित्रकार, त्याने मेणाची एक छोटी नाचणारी मुलगी केली, १८८१ साली पॅरिसमधे दाखवली, आणि पुढे लोकांनी तिचे एक्स-रे काढले तर आत काय, तर त्याचे जुने ब्रश! आधाराला हाताशी जे होतं ते घातलं होतं गड्याने. वर्ग खळखळून हसला, मला वाटलं आज शिकवणं जमलं बुवा. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावरच्या बरणीतले अकरा ब्रश गायब. त्यातले चार एका घोड्यात सापडले आणि दोन बहुतेक अजून एका मगरीत आहेत. बाकीच्यांचा पत्ता लावायला एक्स-रेच काढावे लागतील.

तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं. पण मास्तरकीत एक खोड असते, एखादी चांगली गोष्ट माहीत असली की सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुढच्या आठवड्यात बॅलन्सचा विषय निघाला, मागच्या दोन पायांवर उभा राहिलेला घोडा का पडतो ह्यावर मी बोलत होते, आणि सांगून बसले की रशियात सेंट पीटर्सबर्गला पीटर द ग्रेट ह्या सम्राटाचा असा पुतळा आहे, १७८२ मधे उभारलेला, फाल्कोने नावाच्या शिल्पकाराचा. घोडा पुढचे पाय उचलून उभा आहे आणि त्याच्या मागच्या पायाखाली एक साप चिरडलाय. लोक म्हणतात साप म्हणजे शत्रू वगैरे, पण गंमत अशी की तो शेपटाला टेकलेला साप त्या घोड्याचा तिसरा आधार आहे. अर्थाचा अर्थ आणि टेकूचा टेकू! असं मी म्हटलं आणि स्वतःवरच खूश झाले.

पुढच्या सबमिशनला सव्वीस साप आले. डायनासोरला साप, खुर्चीला साप. बॅलेरिनाच्या उचललेल्या पायाखाली साप. एका टेबललॅम्पच्या बुडाशी साप होता, तो कशाचं प्रतीक आहे विचारल्यावर मुलगा म्हणाला, "विजेच्या वायरचं." ह्याला मात्र मी मार्क दिले, कारण वायर खरोखर त्या सापातूनच काढली होती आणि ती मागून दिसत नव्हती.

आणि हे फक्त माझ्याच गोष्टी वापरतात असं नाही, स्वतःच्याही शोधून आणतात. एक मुलगी आहे, वाद घालण्यात एकदम पक्की, तिने मला लिओनार्दो दा विंचीच्या घोड्याचा दाखला दिला. मिलानच्या ड्यूकसाठी हा माणूस वर्षानुवर्षं एका घोड्याचा प्लॅन करत राहिला, ड्रॉइंगवर ड्रॉइंग, ओतकाम कसं करायचं त्याच्या नोंदी, मातीचं अवाढव्य मॉडेलसुद्धा झालं, आणि मग १४९४ मधे त्या घोड्यासाठी ठेवलेलं ब्राँझ तोफांसाठी गेलं आणि १४९९ मधे फ्रेंच सैनिकांनी ते मातीचं मॉडेल नेमबाजीला वापरलं. "तर मॅम," ती म्हणाली, "एवढं प्लॅनिंग करून झालं काय?" मी म्हटलं तुझं सबमिशन सोमवारी आहे आणि फ्रेंच येणार नाहीयेत. पण प्रश्न चांगला होता, रात्रभर डोक्यात राहिला. आणि नंतर सुचलेली सगळी उत्तरं, नेहमीप्रमाणे, वर्ग सुटल्यावर सुचली.

भट्टीबद्दल बोलायचं मी टाळतेय, पण बोलायला हवं. मातीचं काम भाजायचं असेल तर तार काढून घ्यावी लागते, कारण माती वाळताना आणि भाजताना आवळते, आमची माती तर साधारण दहा-बारा टक्के, आणि तार काही आवळत नाही, मग माती तिच्याभोवती तडकते. (एकाने वाळलेल्या डब्यावर ओल्या मातीचं झाकण अगदी मापात बसवलं होतं. आता ते झाकण त्याच्या मित्राच्या डब्याला बसतं.) शिवाय आतून पोखरून भिंत बोटाएवढी ठेवायची आणि हवा जायला कुठेतरी भोक ठेवायचं. मातीत हवेचा बुडबुडा राहिला की वस्तू फुटते असं सगळे सांगतात, मलाही तसंच शिकवलं होतं, पण खरा गुन्हेगार पाणी. बाहेरून वाळलेला ठोकळा आतून ओला असतो, १०० डिग्रीच्या पुढे त्या पाण्याची वाफ होते, वाफेला पाण्याच्या दीड हजार पटीहून जास्त जागा लागते, आणि ती जागा वाफ स्वतः करून घेते.

आमच्या एका घुबडाच्या डोक्यात अशी वाफ होती. त्या मुलाने पोट पोखरलं होतं, नीट, मापात, भोकासकट. डोकं मात्र भरीव. का, तर "मॅम, प्लॅनमधे डोक्याचा व्ह्यू नव्हता." भट्टी उघडली तेव्हा घुबडाचं पोट शाबूत होतं आणि आजूबाजूच्या तीन वस्तूंचे तुकडे झाले होते, त्यात त्या वाद घालणाऱ्या मुलीचा घोडाही. तिने तुकडे हातात घेऊन माझ्याकडे जे बघितलं ना, ते मी विसरणार नाही. "फ्रेंच आले मॅम," म्हणाली.

मग काही दिवस मातीला सुट्टी दिली आणि पुठ्ठा काढला, म्हटलं निदान हा फुटणार तरी नाही. साधा घन करायचा, एकच कागद कापून, घडी घालून. घनाच्या सपाट जाळ्या, म्हणजे घडी घातल्यावर घन होतो असे सहा चौकोनांचे सपाट आकार, बरोबर ११ प्रकारच्या असतात, ना एक कमी ना एक जास्त, आणि त्या शोधून काढणं हा मोठा मजेचा खेळ आहे. आमच्या वर्गाने बारावी शोधली. ती घडी घातल्यावर एक बाजू दोनदा बंद होते आणि एक उघडीच राहते. आता ती उघडी बाजू तो मुलगा टेबलावर कुठल्या दिशेला ठेवून बसला होता, हे मी सांगायला हवं का?

वर्षाअखेरीला प्रदर्शन असतं. मी अनुभवाने शहाणी, सगळी कामं भिंतीला टेकवून ओळीने मांडली, वरून लाइट सोडला, लांबून बघितलं तर इतकं सुंदर दिसत होतं की मला क्षणभर वाटलं ह्यांना खरंच कोणीतरी शिकवलंय. तेवढ्यात आमचे हेड आले. आनंदाने म्हणाले, अरे थ्रीडी आहे ना, मग भिंतीला कशाला, हॉलच्या मधे घ्या, लोकांना फिरून बघू दे! आणि स्वतः टेबल ओढायला लागले.

जे दिसलं ते वर्णन करत नाही. ग्लू गनचे धागे. न रंगवलेला पुठ्ठा, त्यावर आधीच्या पार्सलचं लेबल, 'काच, सांभाळा'. एका सुंदर चेहऱ्याच्या मागे वर्तमानपत्राचा बोळा आणि माझा एक ब्रश. एका कामाच्या पाठीवर पेन्सिलने चिठ्ठी होती, 'मॅम प्लीज इकडून बघू नका'.

आणि सगळ्यात शेवटी ते घुबड, दुसरं, पहिल्याचा डोक्यामुळे शेवट झाल्यावर नव्याने केलेलं. ह्याची पाठ बघून मी थांबलेच. एकेक पीस वेगळं कोरलेलं, खांद्यापासून शेपटीपर्यंत खाली लहान होत गेलेलं, इतकं निगुतीने केलेलं काम मी त्या वर्षी दुसरं बघितलं नव्हतं. खरंच सांगते, गळा दाटून आला. मग वळसा घालून पुढे गेले तर पुढे काहीच नाही. मातीचा गोळा आणि काडीने ओढलेली दोन वर्तुळं, बहुतेक डोळे.

"अरे, हे काय?"

"वेळ संपला मॅम. तुम्ही रोज मागचंच विचारायचात, म्हणून तिथून सुरू केलं."

हेडना काहीतरी सांगून ते एकच काम मी परत भिंतीशी नेलं आणि तोंड भिंतीकडे करून ठेवलं. दिवसभर लोक त्याच्याचसमोर थांबत होते. एक बाई तर बराच वेळ उभ्या होत्या, वाकून, चष्मा वर करून, पिसं मोजल्यासारखी बघत. मग माझ्याकडे वळल्या.

"सुंदर आहे हो. पुढून कसं दिसतं?"

मी म्हटलं, "पुढे भिंत आहे."