ब्राउन बंधूंच्या वहीत काय लिहिले आहे

गेल्या पंधरा दिवसांत एकच संदेश मला तीन नातेवाइकांकडून आला. अमेरिकेतील ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स बंदरातील निकोलस, जोसेफ, जॉन आणि मोझेस या चार ब्राउन बंधूंचा त्यात गौरव आहे. हे भाऊ शून्यातून वर आले, त्यांनी कधी उधारी केली नाही, मेणबत्त्या आणि लोखंड यांच्या सचोटीच्या व्यापारावर ते श्रीमंत झाले, आयुष्यभर एकाच पेढीत एकत्र राहिले आणि शेवटी त्यांनी विद्यापीठ स्थापन केले, असे त्यात म्हटले आहे. आमच्या थोरल्या काकांनी हा संदेश माझ्या धाकट्या चुलतभावाला पाठवला, कारण त्याने घरच्या दुकानाची मागील तीन वर्षांची खतावणी पाहायला मागितली होती. हिशेब मागणाऱ्याला गप्प करण्यासाठी खोटा इतिहास वापरला जात असेल, तर त्याला उत्तर दिलेच पाहिजे.

शून्यातून वर येण्याची गोष्ट एका वाक्यात निकालात निघते. वडील जेम्स ब्राउन जहाजांचे मालक होते, आणि 1739 मध्ये ते वारल्यावर काका ओबडाया यांनी पुतण्यांना व्यापारात तयार केले. 1762 मध्ये काका गेले, तेव्हा चौघांनी चालत्या व्यवसायालाच ‘निकोलस ब्राउन आणि कंपनी’ हे नाव दिले. उधारीचे म्हणाल, तर त्या काळी अमेरिकेतील वसाहतींचा बराचसा सागरी व्यापार लंडनच्या व्यापाऱ्यांनी उधारीवर दिलेल्या मालावर आणि हुंड्यांवर चालत असे. ब्राउन त्याला अपवाद नव्हते.

खरा संताप येतो तो सचोटीच्या दाव्याचा. 2003 मध्ये ब्राउन विद्यापीठाच्या तत्कालीन अध्यक्ष रूथ सिमन्स यांनी संस्थेचा गुलामगिरीशी असलेला संबंध तपासण्यासाठी समिती नेमली. तिचा 2006 चा अहवाल सर्वांना खुला आहे आणि त्यात या घराण्याच्या कागदपत्रांचाच आधार घेतलेला आहे. संदेश पुढे पाठवणाऱ्या एकानेही तो उघडून पाहिलेला दिसत नाही. 1736 मध्येच जेम्स ब्राउन यांचे ‘मेरी’ हे जहाज माणसे विकत घेण्यासाठी आफ्रिकेला गेले होते आणि त्यावर काका ओबडाया स्वतः होते. पुढे सप्टेंबर 1764 मध्ये चारही भावांनी मिळून ‘सॅली’ हे जहाज ईसेक हॉपकिन्स या कप्तानाच्या हाती देऊन पाठवले. त्यावर 17,274 गॅलन रम होती, त्यांच्याच धंद्यातल्या मेणबत्त्या होत्या आणि त्यांच्या बरोबरीने हातकड्या आणि बेड्याही होत्या. घरच्या वापरासाठी चार तरुण गुलाम आणावेत, अशी सूचनाही कप्तानाला दिलेली होती.

हॉपकिन्सने आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नऊ महिन्यांहून अधिक काळ थांबून 196 माणसे विकत घेतली. त्याची हिशेबाची वही आजही जपून ठेवलेली आहे. ज्या वहीत रमचे गॅलन मांडले आहेत, त्याच वहीत मेलेल्या माणसांना क्रमांक देऊन त्यांची नोंद केलेली आहे. एका स्त्रीने डेकखाली गळफास घेतल्याची नोंद तीत आहे, तसेच ऑगस्ट 1765 मध्ये कैद्यांनी उठाव केल्यावर गोळीबारात आठ जण मारले गेल्याचीही आहे. 196 पैकी किमान 109 माणसे मरण पावली आणि उरलेल्यांपैकी बरीच, जगण्याची ताकद संपलेली माणसे अँटिग्वा बेटावर मिळेल त्या भावाला विकली गेली. या नुकसानीची वार्ता कळल्यावर भावांनी कप्तानाला जे पत्र लिहिले, त्याचा आशय असा होता की आपण स्वतः धडधाकट आहात याचे समाधान एवढे मोठे आहे की आमच्या गुंतवणुकीचे भारी नुकसान आम्ही सोसू. मेलेल्या माणसांना ते केवळ आपली बुडालेली गुंतवणूक समजत होते, हे मला त्या पत्रावरून कळले आणि मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही.

येथे एक गोष्ट मान्य करावी लागते, मनाविरुद्ध का होईना. ‘सॅली’च्या सफरीत पेढीला तोटाच झाला आणि भावांच्या कमाईचा मोठा भाग गुलामांच्या थेट विक्रीतून आलेला नव्हता. स्पर्म व्हेल या देवमाशाच्या डोक्यातील मेणापासून होणाऱ्या मेणबत्त्या आणि 1765 मध्ये सुरू झालेली ‘होप’ ही लोखंडाची भट्टी हे त्यांचे खरे उद्योग होते. मात्र मेणबत्त्यांच्या धंद्यातही 1761 मध्ये कारखानदारांनी एकत्र येऊन कच्च्या मालाचा भाव आपसांत ठरवून घेतला होता. शिवाय त्यांची जहाजे ज्या वेस्ट इंडीजमध्ये माल विकत आणि जिथून रमसाठी काकवी आणत, तिथले मळे गुलामांच्याच श्रमावर चालत. केवळ थेट विक्रीचा नफा मोजला की हा सगळा व्यापार हिशेबाबाहेर राहतो.

भाऊ आयुष्यभर एकत्र राहिले, हे तर धडधडीत खोटे आहे. चौघांची भागीदारी 1770 च्या दशकाच्या पूर्वार्धातच मोडली. मोझेस यांनी आपल्या गुलामांना मुक्त केले, ते क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथात गेले आणि 1789 मध्ये गुलाम व्यापाराविरुद्धच्या संस्थेच्या स्थापनेत पुढे होते, तर त्याच वर्षी जॉन वृत्तपत्रातून त्या व्यापाराची बाजू मांडत होते. अमेरिकी जहाजांना परदेशांशी गुलाम व्यापार करण्यास मनाई करणाऱ्या 1794 च्या कायद्याखाली जॉन यांच्यावर खटला झाला आणि 1797 मध्ये त्यांचे ‘होप’ जहाज जप्त झाले. मोझेस यांनी नंतर सूतगिरणीत पैसा घातला, हेही सांगितले पाहिजे, कारण पुढे अशा गिरण्यांना लागणारा कापूस गुलामच पिकवत होते.

विद्यापीठाबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. ते महाविद्यालय 1764 मध्ये बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींच्या पुढाकाराने सुरू झाले. निकोलस यांच्या मुलाने 5,000 डॉलर दिल्यावर 1804 मध्ये त्याला ब्राउन हे नाव मिळाले.

काका, हा संदेश आपण गटातून काढून टाकावा, ही विनंती. धाकट्याने आपल्याशी भांडण मांडलेले नाही, त्याने फक्त खतावणी मागितली आहे. ती येत्या रविवारी त्याच्या हातात द्यावी.