सोलर लावू, पण आधी गच्चीवर चुना

मागच्या एप्रिलमध्ये भाऊजी एका सोलरवाल्याला घेऊन घरी आले. "तीन किलोवॅट टाकून घ्या, सरकार ७८ हजार देऊन राहिलं." खोटं काही नव्हतं, पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला तेवढं अनुदान आहेच. तरी मी थांबा म्हटलं. भाऊजींचं तोंड उतरलं.

आमचं घर नागपुरात, वरचा मजला, डोक्यावर थेट स्लॅब. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, रात्री अकराला पलंगावर उभं राहून छताला हात लावून बघा, ठेववत नाही. पंखा तीच धग खाली ढकलत असतो. अशा खोलीत एसी लावायचा आणि तो परवडावा म्हणून सोलर लावायचं, म्हणजे छतानं दिवसभर प्यायलेलं ऊन बाहेर काढायला त्याच छतावर उन्हाचा कारखाना उभारायचा. (पॅनलच्या सावलीनं स्लॅब थोडा निवतो हे मान्य. पण तेवढ्यानं सगळी गच्ची झाकली जात नाही.)

म्हणून आधी चुना. कळीचा चुना रात्रभर ड्रममध्ये विरवला, सकाळी गाळून त्यात फेव्हिकॉल घातलं आणि लांब दांड्याच्या ब्रशनं तीन हात दिले. आई जिन्यातून ओरडत होती, "ह्या वयात काय करून राहिला रे, माणूस लाव ना!" खर्च हजार-बाराशे, कंबर आठवडाभर धरलेली. दुपारी गच्चीवर गॉगलशिवाय उभं राहवेना, इतकं ऊन परत फिरत होतं. आणि रात्री छताला हात लावला तर कोमट! कूलर पहिल्यांदा मधल्या स्पीडवर चालला. एक तोटा सांगतो: पन्हाळीकडच्या उताराचा चुना पहिल्याच मोठ्या पावसात निघून गेला. दरवर्षी होळीनंतर पुन्हा हात द्यावा लागतो, हे धरूनच चाला.

दुसरा उद्योग रात्रीचा. फ्रिजसकट सगळी बटणं बंद केली आणि मीटरसमोर टॉर्च घेऊन बसलो. आमच्या मीटरवर ३२०० हा आकडा छापलाय, म्हणजे लाल दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट. सगळं बंद असताना दिवा लुकलुकायलाच नको. पण तो दर बावीस सेकंदांनी डोळा मारत होता! हिशेब केला तर जवळजवळ ५० वॅट. महिन्याला ३६ युनिटं, कोणीही काहीही वापरत नसताना. शोधता शोधता सापडले बंद करायचे राहून गेलेले सेट-टॉप बॉक्स, वायफाय आणि माळ्यावरचा जुना इन्व्हर्टर, ज्याची बॅटरी केव्हाच मेली होती. तो बिचारा चार्जिंग करतच बसलेला.

पंखे बदलले ते त्यानंतर. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा, ३०च्या. उन्हाळ्यात आमचे पंखे पंधरा तास तरी फिरतात, म्हणजे पंख्यामागे महिन्याला वीसेक युनिटं वाचतात. फक्त भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून टाकायला लावा. आमच्या इलेक्ट्रिशियननं तो तसाच ठेवला आणि दोन दिवस पंखा गुणगुणत राहिला. बल्बांचं सांगत नाही, एलईडी आता सगळ्यांकडेच आहेत.

माझा खरा राग आहे तो पश्चिमेच्या खिडक्यांवर. नवीन फ्लॅटांमध्ये भिंतभर सरकती काच, वर टीचभरही छज्जा नाही, आणि जाहिरातीत 'भरपूर उजेड'. काचेतून ऊन एकदा आत आलं की आतून कितीही जाड पडदा लावा, धग खोलीतच राहते. ते बाहेरच अडवायला हवं. आम्ही बाहेरून वाळ्याचा पडदा सोडलाय, संध्याकाळी चारला त्यावर पाणी मारतो. २०१८ साली इको निवास संहिता ही घरबांधणीची सरकारी नियमावली आली, भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत यावी याला तिनं मर्यादा घातली. पण फ्लॅट बघायला गेल्यावर तिचं नाव कधी कोणाच्या तोंडून ऐकलंय? आपण विचारतो पार्किंगचं आणि मॉड्युलर किचनचं.

कूलरवाल्यांना एकच विनंती, समोरची खिडकी उघडी ठेवा हो. दारं-खिडक्या गच्च बंद करायच्या आणि मग चिपचिप होते म्हणून एसी घ्यायचा, असं आमच्या गल्लीत तीन घरांत झालंय.

तर सोलर. पूर्वी उन्हाळ्यात महिन्याला ३३० युनिटांच्या वर जायचो, आणि तीनशे ओलांडले की दर कसा चढतो हे महावितरणचं बिल भरणाऱ्याला सांगायला नको. यंदा मे महिन्यात २३५ आले. एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिटं देतं, म्हणजे आम्हाला दोन किलोवॅट पुरतं. अनुदान ६० हजार मिळेल, पण तिसऱ्या किलोवॅटचा खर्च आणि त्याची जागा दोन्ही वाचतील. त्या जागेत आईचे पापड वाळतील. भाऊजींना काल हा सगळा हिशेब व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलाय. निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.