'बायकी हळहळ' म्हणणाऱ्या वाचकांना

नमस्कार.

इंग्रजी राजवटीतला व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन याच्या घरसंसारावर लिहिलेल्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया आली. एक अक्षरही न कापता ती छापली आहे. एरवी मी दोन ओळींत आभार मानून मोकळी होते, या वेळी ते जमणार नाही.

आधी माझी चूक. कर्झनची बायको मेरी १९०५ साली वारली असं मी लिहिलं होतं. ती वारली १८ जुलै १९०६ रोजी, लंडनमध्ये, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी. लेखात दुरुस्ती केली आहे. लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.

बाकी तुमचं म्हणणं असं, की बंगालच्या फाळणीवर मी दोनच ओळी लिहिल्या, १८९९-१९०० च्या दुष्काळाचं नावही घेतलं नाही, आणि सासऱ्याकडून आलेल्या अमेरिकन पैशावरून कर्झनचं स्वतःच्या मुलींशी झालेलं भांडण गाळलं. लेख घराबद्दल होता. फाळणी आणि दुष्काळ त्यात का नाहीत, हे वेगळं सांगायला हवं असं मला वाटत नाही. मुलींचं भांडण पुढच्या भागात येणारच होतं. हे विषय इथे संपले.

राहिलं तुमचं शेवटचं वाक्य. "खाडिलकरांनी ज्याला कीचक ठरवलं, त्याच्या दिवाणखान्यात डोकावण्यापेक्षा देशासाठी तुरुंगात गेलेल्यांच्या घरात डोकावला असतात, तर ही बायकी हळहळ सुचली नसती."

हे वाक्य मी दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचतेय. तुरुंगात गेलेल्यांच्या घरात मला डोकवावं लागत नाही, मी त्याच घरातली आहे. माझे आजोबा ४२ साली येरवड्याला होते, चौदा महिने. त्या काळात आजीने चार पोरं पोलकी शिवून जगवली. आजोबांची पत्रं तिने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली होती. एका पत्रातल्या तीन ओळींवर तुरुंगवाल्यांनी काळी शाई फासलेली आहे. आजी तो कागद कंदिलाच्या काचेपुढे धरून खालची अक्षरं लावायचा प्रयत्न करायची, म्हणून त्याची एक कड तपकिरी झाली आहे. तो डबा आज माझ्या कपाटात आहे. तेव्हा साहेबाच्या राज्यात घरांवर काय बेतलं, हे मला कृपा करून शिकवू नका. आणि आजीने कागद उजेडाला धरणं याला तुम्ही काय म्हणाल? तीही बायकी हळहळच का?

कीचकाचा दाखला दिलात, ठीक. खाडिलकरांचं 'कीचकवध' नाटक १९०७ साली रंगभूमीवर आलं, कीचकात लोकांना कर्झन दिसला आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी आणली, हे मराठी वाचणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. नाटकातल्या कीचकाला बालपण नसलं तरी चालतं. मी नाटक लिहीत नव्हते.

मी लिहीत होते डर्बीशरमधल्या केडल्स्टन नावाच्या प्रचंड वाड्यातल्या एका पोराबद्दल. बाप सरदार आणि शिवाय गावच्या चर्चचा पाद्री, पोरांशी फारसं बोलणं नाही. पोरं सांभाळायला मिस पॅरामन नावाची बाई. ती पोरांना लाल कापडाचे परकर नेसवी, डोक्यावर निमुळती टोपी चढवी, अंगावर 'खोटारडा', 'भेकड' अशा पाट्या लटकवी आणि त्या अवतारात गावातून फिरवी. स्वतःच्याच पाठीवर पडणारी छडी बनवून द्या, अशी चिठ्ठी तिने जॉर्जला, म्हणजे लहानग्या कर्झनला, घरच्या बटलरला लिहायला लावली. हाच पोरगा ४० व्या वर्षाच्या आत व्हाइसरॉय झाला, आणि सहा-सात वर्षं सगळ्या देशाला वर्गातल्या पोरांसारखं वागवत राहिला. या दोन गोष्टी शेजारी ठेवणं म्हणजे गोडवे गाणं नव्हे. ज्याला तसं वाटतं त्याने लेख नीट वाचलेला नाही, असंच मी म्हणेन.

त्याच्या पाठीच्या दुखण्याला तुम्ही 'पाठदुखीचं भांडवल' म्हटलंत. पाठीच्या कण्याला बाक आल्याचं १८७८ साली कळलं, तेव्हा तो १९ वर्षांचा होता. पुढचं सगळं आयुष्य अंगावर पट्टा चढवून गेलं. मोटारसायकलवरून पडल्यावर मी असा पट्टा आठ महिने घातलाय, त्यात एक मे महिना होता. घामाने बनियन आतल्या पट्ट्यांना चिकटतं आणि रात्री काढताना कातडीसकट निघतंय असं वाटतं. त्या आठ महिन्यांत मी घरातल्या कुणाशी धड बोलले नाही. म्हणून तो भाग मला लिहिता आला. तुम्हाला त्यात भांडवल दिसलं, मला याचं वाईट वाटलं.

आणि मराठी माणसाने कर्झनकडे कसं पाहावं याचा आदर्शच हवा असेल तर गोखल्यांचा घ्या. १९०३-०४ मध्ये विद्यापीठांच्या कायद्यावर त्यांनी त्याच्याशी कौन्सिलात समोरासमोर झुंज दिली. १९०५ च्या डिसेंबरात बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून त्यांनी कर्झनच्या कारभाराची तुलना थेट औरंगजेबाच्या कारभाराशी केली. याहून कडक काय बोलायचं? पण त्याच वाक्यात त्यांनी दोघांची कर्तव्याची जाणीव, कामाचा अफाट उरक आणि एकटेपणा हेही मोजलं, आणि शेजारीच अविश्वास आणि दडपशाहीही मोजली. फाळणीला तेव्हा दोन-अडीच महिने झाले होते, जखम ओली होती. तरी शत्रूचा एकटेपणा गोखल्यांच्या नजरेतून सुटला नाही. त्यांना बायकी म्हणायची हिंमत आहे तुमची?

मेरीच्या मोराच्या पिसांच्या पोशाखाबद्दल तुम्ही अक्षरही लिहिलं नाहीत. खरं तर तिथे माझ्यावर टीका करायला भरपूर जागा होती. १९०३ च्या दिल्ली दरबाराच्या वेळचा तो पोशाख पॅरिसला शिवला गेला, पण त्यावरची जरीची पिसं दिल्लीच्या कारागिरांच्या हातची. त्या कारागिरांबद्दल मी पुरेसं लिहिलं नाही, हे माझं मलाच खटकतंय. पण तुम्हाला भांडायचं होतं ते माझ्या बाई असण्याशी.

पुढचा भाग रविवारी येईल. त्यात तिन्ही मुली आहेत: बापाशी पैशावरून बिनसलेल्या आयरीन आणि सिंथिया, आणि शिमल्याजवळच्या नालदेऱ्याचं नाव मिळालेली धाकटी अलेक्झांड्रा. कर्झन गेला २० मार्च १९२५ ला. त्या दिवशी अलेक्झांड्राचा एकविसावा वाढदिवस होता. हे लिहिताना मी हळहळणार आहे. तुम्हाला ते सोसत नसेल तर तो भाग वाचू नका. वाचलात आणि चूक सापडली तर जरूर कळवा, साल पुन्हा चुकू शकतं. 'बायकी' हा शब्द पुन्हा आला तर मात्र ती प्रतिक्रिया मी छापणार नाही.