खुलासा : 'विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय महिला'

विज्ञान दिनाला मी आमच्या दादरच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींबद्दल पोस्ट टाकली होती. त्यातली दोन वाक्यं चुकली आहेत आणि ती पोस्ट आता बाहेर फिरते आहे. 'त्या विज्ञानातल्या पहिल्या भारतीय महिला डॉक्टरेट' आणि 'रामन यांनी त्यांना बंगळुरूच्या संस्थेत घेतलंच नाही', ही ती दोन वाक्यं. (रामन म्हणजे नोबेलविजेते सी. व्ही. रामन, तेव्हा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक.)

कमलाबाईंची केंब्रिजची पीएचडी १९३९ सालची. त्याआधी १९३१ मध्ये जानकी अम्मल यांना अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट दिली होती. मूळच्या केरळमधल्या तेल्लिचेरीच्या या बाईंनी पुढे कोइमतूरला उसाच्या संकरावर मोलाचं काम केलं. दोघींच्या पदव्यांची सालं शेजारी ठेवली तेव्हा माझी चूक लक्षात आली. एकीचा गौरव करताना दुसरी पुसली गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरं, रामन यांनी बाई म्हणून आधी नकार दिला, हे खरं. पण कमलाबाई हटल्या नाहीत. १९३३ मध्ये वर्षभराच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला, आणि त्यांचं काम पाहून मुलींसाठी ते दार उघडलं. माझ्या पोस्टमध्ये हा विजयच गळाला होता! पुढे आपल्या फोर्टमधल्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केलं आणि त्या तिथल्या संचालकही झाल्या.

मैत्रिणींनो, जुनी पोस्ट कृपया पुढे पाठवू नका. जिथे पाठवली असेल तिथे हा खुलासा टाका.